पल्लवीचं स्पॅनिश आणि घागरीची बोहनी

पवनीच्या आमच्या भांड्यांच्या दुकानातला माल विकला जातो, किस्से तेवढे उरतात. सध्या सगळ्यांत जास्त स्टॉक स्पॅनिशचा! माझी पुतणी पल्लवी ती भाषा मोबाईलवर शिकली, नागपूरच्या एका कंपनीत नोकरी पाहिजे म्हणून. घरी नेटवर्क नाही, म्हणून तिचा अभ्यास गल्ल्याशेजारी. माझी शाळा लवकर सुटली, पण कान उघडे!

*

"काका, डबा उघडायच्या हत्याराले 'आब्रेलातास' म्हणतात. 'आब्रे' उघडते, 'लातास' डबे. जोडले की झालं नाव!"

"आपल्यातही आहेत की! खिसेकापू, आगलाव्या, घरबुडव्या!"

"तुमाले सारे बदमाशच काहून आठवतात?"

"धंद्यात हेच भेटतात, बाई!"

*

'सापातो' म्हणजे जोडा, 'सापातेरो' जोडे करणारा, 'सापातेरिया' जोड्यांचं दुकान. शेपूट बदललं की कारागीर तयार, दुकानही तयार!

आसगावचे देवाजी तांदळाचे व्यापारी. त्यांनी विचारलं, "तांदूळ म्हणजे?"

"आरोस."

"अन् मी?"

"आरोसेरो."

तेव्हापासून देवाजी फोन उचलतात, "हॅलो, आरोसेरो बोलून राहिलो!"

*

'आओरा' म्हणजे आत्ता. त्याला लाडाचं शेपूट लावलं की 'आओरिता'. मेक्सिकोत ते लगेचही असतं, संध्याकाळीही!

देवाजी म्हणाले, "आपल्या नळवाल्यावानी! तोही सकाळपासून 'येऊनच राहिलो' म्हणते."

*

'आसो' हे शेपूट तडाख्याचं. 'मार्तियो' हातोडा, 'मार्तियासो' हातोड्याचा घाव. हे ऐकलं त्याच आठवड्यात पल्लवीचा इंटरव्ह्यू आला.

सकाळी दुकान उघडताच कंपनीची मेक्सिकोतली मॅडम स्क्रीनवर. तेवढ्यात कोंढ्याची एक काकू घागर घ्यायला आली. बोहनीच्या गिऱ्हाइकाला मी कधी थांबवत नाही. आणि घागर वाजवून पाहिल्याशिवाय कोण घेतं? टण्ण!

मॅडम दचकली. आवाज कसला?

पल्लवीला शब्द सुचेना. भांडं म्हणजे 'ओया'. तिने तिथल्या तिथे शेपूट जोडलं, "ओयासो!" आणि चीर आहे का ते कळावं म्हणून घागर वाजवतात, तेही सांगितलं.

मॅडम उठून गेली. पल्लवीचा चेहरा उतरला. "गेली नोकरी, काका."

मॅडम परत आली, तर हातात स्वतःचं पातेलं! वाजवलं.

काकूने कान दिला. "चिरलं हाये ते. वापस कर म्हणा!"

पल्लवीने तेही स्पॅनिशमध्ये सांगितलं. मॅडम हसून हसून बेजार. मग डोळे पुसून तिने विचारलं, कामावर कधी येतेस?

पल्लवी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "तिले म्हणा थांब जराशी, आधी माह्या घागरीची बोहनी होऊ दे!"