सुपाविरुद्ध अकरा वर्षे

मावशी गेल्या तो बुधवार होता. त्या दिवशी सर टेबलाशी बसले नाहीत.

एका शब्दाशी अकरा वर्षे भांडत राहिलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर आमच्या शेजारच्या सरांनी त्याला शोधून काढून, चहा पाजून, त्याचे म्हणणे चिठ्ठीवर उतरवून घेतले असते. सर होऊ घातलेल्या पाळकांना ग्रीक शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांना शिकवायला कोणी उरले नाही, तेव्हा ते स्वतःच विद्यार्थी झाले. कोणत्याही वस्तूचे नाव कळल्याशिवाय ती हातात धरायची नाही, असा त्यांचा बाणा होता. माझे वडील विणकर. त्यांच्या मागाच्या एकेका लाकडाचे नाव सर इतक्यांदा विचारत, की कंटाळून वडिलांनी एकदा तीन नावे मनानेच ठोकून दिली. सरांनी ती लिहून घेतली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिले, 'पडताळावे.' या साऱ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यांत राहत. बिस्किटे कागदावर राहत आणि सादळत.

मराठी शुभवर्तमानाची भाषा सुधारण्यासाठी एक समिती बसली होती. तिने सरांना एकाच जागेबद्दल मत विचारले. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना बजावतो की माझ्यामागून येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो खळे साफ करून भुसा जाळणार आहे. सरांचे म्हणणे, मूळ ग्रीक शब्द 'प्तुऑन', आणि प्तुऑन म्हणजे सूप नव्हे. ते लाकडी हत्यार, दाताळ्यासारखे. मळलेले धान्य त्याने वाऱ्यावर उधळायचे. हे सांगायला एक पोस्टकार्ड पुरले असते. सरांनी अकरा वर्षे घेतली. माझे अक्षर बरे आणि नोकरी ग्रंथालयात, म्हणून दर वर्षीचा सुधारित खर्डा मी स्वच्छ लिहून देत असे.

गंमत अशी की सर ज्या खोलीत लिहीत, तिच्या दारातच मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सकाळी तांदूळ पाखडत बसत.

"तो आवाज बंद करा हो," सर ओरडत, "मी सुपाविरुद्ध लिहून राहिलो!"

"लिवा ना तुम्ही. भात खाले या मंग सुपाचाच," मावशी म्हणत.

मावशी उमरेडकडच्या. लहानपणी खळ्यावर राबलेल्या. त्यांचे एकच म्हणणे होते: आमच्याकडे खळ्यावरही सूपच असते. सरांना हे पटेना. त्यांनी पुस्तकातले चित्र दाखवून सुताराकडून पाच दातांचे, पुरुषभर उंचीचे दाताळे करून घेतले आणि ते खांद्यावर टाकून गांधीबागेच्या बाजारातून चालत आणले. कापडवाले दुकानांतून उठून बाहेर आले. पुढच्या रविवारी सर, मावशी, मी आणि दाताळे असे चौघे कोराडीच्या बसमध्ये चढलो.

"हे काय गा बुवा? कुठी चालले?" कंडक्टरने विचारले.

"योहानाकडे," सर म्हणाले.

"योहानाचा स्टॉप कोराडीच्या आंधी का मांगं?"

कोराडीच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर बैलांनी तुडवलेला गहू पडला होता. सरांनी कोट काढला, दाताळे खुपसले आणि योहानाच्या आवेशात वर उडवले. वर काहीच गेले नाही. मोठी काडी आमच्याकडे आधीच ओढून बाजूला करतात. उरलेला बारीक भुसा आणि गहू दातांमधून तिथेच खाली आला. चार वेळा उडवल्यावर जे काही वर गेले ते सरांच्या डोक्यावर बसले.

"सर," शेतकरी अदबीने म्हणाला, "तुमच्या दातांतून सारं गयून राहिलं."

मग मावशींनी पदर खोचला आणि त्या तिवईवर चढल्या. सूप भरून डोक्याच्या वर धरले आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"काहून थांबल्या?" सर खालून म्हणाले.

"वारा येऊ द्या ना."

वारा आला. मावशींनी सूप जरासे कलते केले. गहू सरळ खाली पडत गेला आणि भुसा दूर उडून पडत गेला. सरांनी डोक्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "पण ग्रीकमध्ये दाताळंच आहे."

"असू द्या. त्याइच्या खयावर असन," मावशी वरूनच म्हणाल्या.

परतताना बसमध्ये मावशींनी मला एक गोष्ट सांगितली. मिशनच्या शाळेत त्यांनी स्वतः वाचलेले पहिले वचन हे सुपाचेच. "सारं पान भरून अक्षरं होती बाबू. त्यातलं एकच आमच्या घरचं होतं. सूप. ते दिसलं, तवा वाटलं हे आपल्यालेही सांगून राहिले." सर खिडकीबाहेर बघत होते. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मी हावो तवरक राहू द्या. मंग करा तुमचं दाताळं."

त्यानंतर वर्षभर सरांनी खर्डा पाठवला नाही. कारण विचारले की म्हणत, एक संदर्भ बघायचा राहिला आहे. समितीचे पत्र आले: ईस्टरपर्यंत अंतिम मत कळवावे, पुढे छपाई थांबणार नाही. आणि फेब्रुवारीत मावशी गेल्या.

बारा-पंधरा दिवसांनी सरांनी सकाळी मला बोलावले. टेबलावर कोरा कागद होता. दारात सूप भिंतीला टेकवून ठेवले होते. सर सांगू लागले आणि मी लिहू लागलो. प्तुऑनचा अर्थ, पुरावे, दाताळ्याची लांबी, दातांची संख्या, सगळे आले. कुठेही तडजोड नव्हती. मग ते थांबले. सकाळच्या त्या वेळेला पाखडण्याचा आवाज नसलेले ते घर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लिही," सर म्हणाले. "मूळ शब्दाचा अर्थ सूप नाही. तो अर्थ तळटीपेत द्यावा. मजकुरात सूप राहू द्यावे."

"कारण काय लिहू, सर?"

"वाचणाऱ्याच्या घरात ते आहे, असं लिही."

"समिती याला कारण म्हणेल?"

"अकरा वर्षं मी समितीला पटतील अशीच कारणं लिहिली रे," ते म्हणाले. "एक हे राहू दे."

सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. पत्र टाकायला ते स्वतः पेटीपर्यंत गेले. पुढे तीन वर्षे राहिले, पण नव्या शब्दाला हात घातला नाही. भाजीवाल्याला तराजूच्या दांडीचे नाव तेवढे विचारत, तेही सवयीने.

सर गेल्यावर त्यांच्या भाच्याने चिठ्ठ्यांचे डबे नेले आणि उरलेले सामान मला दिले. आता मी शहराच्या कडेला, बेसा भागात राहतो. दाताळे गच्चीवर आहे. त्याच्या दातांवर आम्ही ओले टॉवेल अडकवतो. सुपाची एक कड उसवली होती, ती मी शिवून घेतली. बायको त्यात रोज तांदूळ पाखडते.