साहेबांचा बिल्ला
अणुभट्टीतून बाहेर पडताना प्रत्येकाने आपला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला दारातल्या खिळ्याला टांगायचा, हा शिफ्टप्रमुख मामांचा तीस वर्षांचा हेका. आपण मेलो तरी मामा बिल्ला मागतील, असं लोक म्हणायचे.

एका भर दुपारी भट्टी थंड ठेवणारा पाइप फुटला आणि भोंगे बोंबलू लागले. मामांनी भट्टी बंद केली, सगळ्यांना बाहेर हाकललं आणि बिल्ले मोजले. एक कमी! मोठ्या साहेबांचा. म्हणजे साहेब आतच! मामा शिव्या घालत पुन्हा आत शिरले, संडासासकट सगळं धुंडाळून घामाघूम होऊन परतले.

तेवढ्यात फोन वाजला. पहिल्या भोंग्यालाच पळालेले साहेब घरून विचारत होते, "मामा, परिस्थिती आटोक्यात आहे ना?"

"आहे, साहेब. तुमचं प्रेत तेवढं सापडत नव्हतं."