भट्टी बढा दे

मी आज या शहरात टिकून आहे ती आमच्या भट्टीवाल्या चाचांमुळं, आणि विस्तवाशी एवढ्या सोयरिकी जोडणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पडेगावकडच्या आमच्या बेकरीत विटांची जुनी लाकूड-भट्टी होती. तिला चाचा ‘दादी’ म्हणत. सकाळी तिचं झाकण सरकवण्याआधी ते खाकरत, थोरल्या बाईच्या खोलीत शिरताना खाकरावं तसं. मग धग जोखायला मूठभर मैदा आतल्या फरशीवर टाकून त्याचा रंग बघत, आणि रंग कसलाही आला तरी “अजून पाच मिनिटं” असंच म्हणत. शेजारच्या हॉटेलातला नानचा तंदूर हा ‘मामू’, कारण लाडात जवळ गेलं तरी चटका बसलाच. मालकांनी हौसेनं आणलेली विजेची भट्टी म्हणजे ‘जावई’. “लाइट गेली की रुसतो. मनवायला सगळं घर लागतं!” आणि आतल्या आत ट्रॉली गरागरा फिरवणारी ती कपाटाएवढी नवी भट्टी? तिच्याकडं तर चाचा पाठ करूनच उभे राहत. “पाव को चक्कर आता ना, बेटा. चक्कर आलेला पाव कोण खाणार?”

मी कोकणातली. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. एवढ्या लांब आले तेव्हा कामाबरोबर बेकरीमागची खोली मिळाली. काम गेलं की खोली गेली, आणि परत जावं असं मागं कुणी उरलेलं नव्हतं. त्यामुळं मालकांनी नुसती हाक मारली तरी मी हातातलं टाकून धावायचे. दिवसभर मैदा मळून संध्याकाळी पिठाआधी माझंच अंग आंबलेलं असायचं.

कामावर नवी असतानाच एका संध्याकाळी दादीच्या पोटात टोस्टचे ट्रे उतरत्या धगीवर वाळत होते. नमाजला निघता निघता चाचा म्हणाले, “बेटा, भट्टी बढा दे.” मी वाढवली. बाजूच्या चुलाणात चांगले चार ओंडके सारले.

चाचा परतले तोवर धूर रस्त्यावर आला होता आणि टोस्टचा कोळसा झाला होता. मालक कडाडले, “आवं बाई, बढा म्हंजी बंद कर! हितल्या शेंबड्या पोरालाबी कळतंय. लई झालं. उद्यापासून येऊ नका!”

विस्तवाला ‘बंद’, ‘विझव’ असलं अभद्र बोलू नये, म्हणून चाचा ‘बढा’ म्हणत. आमच्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटत नाही, वाढते. पण भट्टीलाही हाच मान असतो, हे मला कुठून सुचणार?

चाचा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. “हिनं तो बराबर सुनी, मालक. मीच गलत मुलखात बोललो. काढायचं तर मला काढा. फक्त उद्या दादीला तुम्ही उठवा.”

दादीला उठवायला गेलेल्या मालकांनी एकदा दोन्ही भुवया गमावल्या होत्या. ते कपाळ चोळत निघून गेले. माझं काम राहिलं, खोली राहिली. दुसऱ्या दिवसापासून चाचा रोज संध्याकाळी बजावू लागले, “भट्टी बढा दे, बेटा. तुझी मराठीवाली नाय, आमची!”

यंदा दादी गेली. धुराच्या तक्रारी फार झाल्या. मालक म्हणाले, “बंद केली बघा एकदाची.” चाचांनी तिच्या तोंडावर झाकण ठेवलं आणि हळूच म्हणाले, “बंद नाय, मालक. बढाई.” गुडघ्यांमुळं तेही आता घरीच असतात. मी जावयाला सांभाळते. त्याचं बटण दाबताना खाकरते, आणि संध्याकाळी, कुणी ऐकत नाही असं बघून, “बढा दिया” म्हणते. त्याला त्याचं काही नसतं.

चाचा, कधीतरी माझी स्वतःची भट्टी होईल. लहानशी, पण विटांची. तिचा पहिला पाव मी तुमच्या घरी घेऊन येईन. आणि ती आपली कोण लागते, ते तुम्हीच ठरवायचं.