पदराबाहेरचा कान

शेठाणीनं माझ्या कानातली बाळी ओढली तेव्हा मी नुसती बसले होते. दोन्ही हात मांडीवर. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे लोक म्हणाले, पोरगी काही उचलत असेल, उगीच कोण कान ओढतं? मी काही उचलत नव्हते. शेठाणीच्या मागच्या दाराची पायरी, तिथं आमची बसायची जागा, तिथंच बसले होते.

बाबा लुगडी विणायचे. सूत इतवारीतला शेठ द्यायचा, विणलेलं लुगडं शेठकडे जायचं. लढाईची वर्षं होती. बाजारातून सूत नाहीसं झालं होतं. ज्याच्या घरी सूत, त्याच्या दारी अख्खा कोष्टीपुरा हात जोडून उभा. लुगडी पोचवायचं काम माझं. मी चौदा वर्षांची होते आणि उमरेडला माझं लग्न ठरलं होतं.

शेठाणी एकेक घडी उकलून उन्हाकडे धरून बघत होती. बघता बघता तिची नजर माझ्या उजव्या कानावर थांबली.

"हे बाळी कोठून आणली वं?"

"मायची हाये जी."

"कोष्टिणीच्या कानात मोती?"

बस. एवढंच बोलली. लुगडं खाली टाकलं, वाकली आणि ओढली. बाळीचा फासा उघडला नाही, काही नाही. जुनं धडुतं फाडावं तसा आवाज झाला. तो आवाज मी बाहेरून ऐकला नाही, डोक्याच्या आतून ऐकला. मान गरम झाली. समोरच्या पांढऱ्या लुगड्यावर रक्ताचे थेंब पडले आणि शेठाणी ओरडली,

"नवं लुगडं नासवलं न भवानीनं!"

तिची बाळी दोन दिवसांपूर्वी हरवली होती. एकाच सोनाराच्या हातची घडण, म्हणून दोन्ही दिसायला सारख्या. तिच्यात खरा मोती. माझ्यात खोटा, मायच्या लग्नातला. सात पिढ्यांची शेठाणी, पण हातात धरूनही तिला खरं-खोटं कळलं नाही. संध्याकाळी तिची बाळी तिच्याच गादीच्या उशीखाली सापडली. दुसऱ्या दिवशी माझी बाळी कागदाच्या पुडीत परत आली. सोबत डागाचं लुगडं. फाशाला माझी कातडी वाळून चिकटली होती. ती पुसायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नव्हते.

मी घरी आले तेव्हा माय मागाशी बसून ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, तुटके धागे सांधत होती. अख्ख्या पुऱ्यात मायसारखी सांधणारी दुसरी नव्हती. तिच्या हातचा सांधा बोटांना लागत नसे, डोळ्यांना दिसत नसे. तिनं माझा कान पाहिला, हात धुतले, रेशमाचा धागा उकळत्या पाण्यातून काढला.

"ओलं हाये तोवर सांधते," ती म्हणाली. "वाळलं का मंग धरत नाई."

बाबांनी तिचा हात धरला. ते शेठकडे जाऊन आले होते. शेठनं त्यांना ओसरीवर बसवलं होतं, पहिल्यांदाच. शेठचा पुतण्या नुकताच डॉक्टर होऊन आला होता. तो फुकट कान शिवून देणार होता. फक्त बाहेर बोलायचं नाही.

"डॉक्टर शिवते म्हनला न शेठ," बाबा म्हणाले. "तू हात नको लावू. बिघडलं तं आपल्यावर येईन."

मायनं धागा गुंडाळून ठेवला. तिनं तेव्हाच टाका घातला असता तर, असं मी हजारदा मनात म्हटलं आहे. बाबांचा मला राग येतो. मग त्यांचे जोडलेले हात आठवतात आणि रागाला धड जागा सापडत नाही.

डॉक्टरला महिनाभर सवड झाली नाही. आज पाहुणे, उद्या लग्न, परवा आणखी काही. आम्ही जायचो, दारातून परत यायचो. तोवर कानाच्या पाळीचे दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरे होऊन गेले. दोन गुळगुळीत टोकं, मध्ये फट. दुखणं थांबलं होतं. बाळी अडकवायला जागा नव्हती.

महिन्यानं त्यानं मला खुर्चीवर बसवलं. मायला दाराशी उभं केलं. सुईत दोरा ओवला आणि सरळ टाके घालायला लागला. माय दोन पावलं पुढे आली.

"डॉक्टरसायेब, टोकं वाळली नं. सोलल्याबिगर सांधा नाई धरत."

आमच्या कामातली ही पहिली गोष्ट. ताण्याला खळ दिलेली असते. तुटलेल्या धाग्याच्या टोकावर ती वाळून बसते. नखानं ती सोलून आतलं सूत मोकळं करायचं, मग पीळ द्यायचा. वाळलेल्या टोकाला वाळलेलं टोक बांधलं तर पहिल्याच ठोक्याला निसटतं. आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरीलाही हे माहीत असतं.

डॉक्टर हसला. मला टोचत असतानाच हसला.

"बाई, हा कान आहे. तुमचा ताणा नव्हे."

शेठाणी आतून आली होती, तीही हसली. आणि काय सांगू, मीसुद्धा थोडी हसले. मायची लाज वाटली मला. परकरी वयात शहाण्या माणसांपुढे आपली माय अडाणी दिसली की जीव चोरासारखा होतो. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं. कान फाटल्याचं इतकं वाटत नाही.

टाके निघाले तेव्हा कान गालाकडे ओढला गेला होता. खालच्या टोकाला चण्याएवढी गाठ. वर पातळ पापुद्रा, दिसायला जोडल्यासारखा. डॉक्टर म्हणाला, "छान झालं. तुमच्या कामापुरतं पुष्कळ आहे." कामापुरतं. जणू कान आम्ही मागाला जोडायला आणला होता.

साखरपुड्याला उमरेडची माणसं आली. आमच्यात सासू आपल्या हातानं सुनेच्या कानात बाळ्या घालते. त्याशिवाय बोलणं पक्कं होत नाही. डाव्या कानात बाळी गेली. मी आपली उजवी बाजू भिंतीकडे ठेवून बसले होते, पण सासूनं हनुवटी धरून मला वळवलं. गाठ चाचपली, नवीन भोक पाडलं होतं तिथून बाळी घातली आणि हात काढला. बाळीच्या वजनानंच पाळी खाली उकलली. फारसं रक्तही आलं नाही. रक्त येण्यासाठी आधी काही जुळलेलं असावं लागतं.

सासूनं खाली पडलेली बाळी उचलली. मग म्हणाली,

"जिचा कान बाळी धरत नाई, ते घर काय धरन?"

डाव्या कानातली बाळी तिनं काढून घेतली. माणसं पोहे न खाता उठली.

त्यानंतर बाबा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथले मोठे सर्जन बिघडलेलं सुधारतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मायही आली. तीन दिवस व्हरांड्यात बसलो. चौथ्या दिवशी आत घेतलं. मला टेबलावर आडवं केलं, उजवी बाजू वर. भोवती शिकणारी दहा-बारा मुलं. सर्जननं गाठ चिमटीत धरून कान इकडून तिकडे वळवला. माझं नाव कुणी विचारलं नाही, पण कान सगळ्यांनी पाहिला.

"चूक कुठे झाली?" त्यांनी मुलांना विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "बऱ्या झालेल्या कडा तशाच टाकल्या आहेत. त्या कधीच जुळत नाहीत. आधी कडा तासायच्या, आतलं ताजं मांस मोकळं करायचं, मगच टाका. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं.

दाराशी माय उभी होती. ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी हेच म्हनत होती नं."

मी टेबलावर पडल्या पडल्या तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस मला वाटायचं की ते शिकलेले, आम्ही अडाणी, म्हणून हे असं. त्या क्षणी कळलं की मायला जे ठाऊक होतं तेच हे शिकवत होते. सर्जन बोलले तर वह्यांत उतरलं, माय बोलली तर हसू आलं. फरक तेवढाच होता. हे आधी का कळलं नाही, म्हणून मला माझाच संताप आला.

सर्जन म्हणाले, पाळी नीट होईल, बाळीही राहील. मग कागद भरायला घेतला. कान कशानं फाटला? मी सांगितलं. शिवला कुणी? मी नाव सांगितलं. त्यांची लेखणी थांबली. तो त्यांचा विद्यार्थी होता. त्याच्या काकानं दवाखान्याला खाटा दिल्या होत्या.

मग त्यांनी भराभर लिहिलं आणि एका मुलाला वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं मराठीत सांगितलं, "मागावर काम करताना दोरीत अडकून कान फाटला. आईनं घरच्या घरी दोऱ्यानं शिवल्यामुळे बिघडला."

"अंगठा लाव," सर्जन म्हणाले.

मी म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथी शिकले होते. मला सही येत होती. पण सहीचं कुणी विचारलंच नाही.

"हे खोटं हाये," मी म्हणाले.

"तुला कान हवा की नको?"

बाबा हात जोडून टेबलाशी आले. "लाव न वं बाई. शेठनं सूत बंद केलं तं खाऊ काय? लाव. कागदच हाये नं."

बाबांचं खोटं नव्हतं. मला कान हवा होता, फार हवा होता. सासूचं ते वाक्य पुऱ्यातल्या बायांच्या तोंडी बसलं होतं. तासाभरात सगळं नीट होणार होतं. नुसता एक अंगठा.

मी मायच्या हातांकडे पाहिलं. पदराचं टोक बोटांना गुंडाळून उभी होती. धागा उकळून तयार असूनही ज्या हातांना माझ्या कानाला लागू दिलं नाही, त्या हातांनी कान बिघडवला, असं त्या कागदावर मी लिहून द्यायचं होतं. एकदा मी तिच्यावर हसले होते. दुसऱ्यांदा हसायला मी तयार नव्हते.

मी उठून बसले. कानावर औषध लावलं होतं, ते मानेवर ओघळलं.

"माह्या मायनं हात नाई लावला. हात लावला असता तं जुळला असता."

"मग जा," सर्जन म्हणाले. "पुढची केस."

पुढच्याच महिन्यात शेठचं सूत बंद झालं. इतवारीत दुसऱ्या कुणी दिलं नाही. शेठचं म्हणणं आधीच पोचलं होतं. बाबांनी दिवाळीआधी माग उकलून लाकडं एका बाजूला रचली आणि गिरणीत लागले. पुढे मीही गिरणीत रिळं भरायला लागले. बाबा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. जेवायला बसले की ताट घ्यायचे आणि मान खाली. मी म्हणेन, त्यांचं चुकलं नाही. मला स्थळ आलं नाही. एक बिजवर आला होता, तोही कान पाहून गेला.

माय दोन वर्षांनी तापानं गेली. शेवटच्या दिवसांत तिनं मला जवळ बसवलं, गाठ चाचपली.

"लावून देनं अंगठा, पोरी. माह्यं नाव खराब झालं तं होऊ दे. मी आता कोनाले तोंड दाखवतो? तुहा कान तं जुळंन."

"नाई," मी म्हणाले.

ती रडली. मी तिच्यापुढे नाही म्हटलं आणि ती रडत रडत गेली. तिला माझा कान जुळलेला बघायचा होता, तो मी तिला दाखवला नाही. मी बरोबर केलं असं कुणी म्हटलं की मला चीड येते. बरोबर करून आम्हाला काय मिळालं? माग गेला, माय गेली, फट तशीच आहे. शेठचा पुतण्या आता मोठा डॉक्टर आहे. दारापुढे मोटार असते.

गिरणीतल्या बाया म्हणतात, पदर जरा पुढं घे वं, कान झाकेल. नवीन आलेल्या पोरी आधी बघतात, मग नजर चोरतात. पहिले दिवस मीही झाकत होते. उन्हाळ्यात गुदमरून जीव जायचा, तरी पदर कानावरून हलू द्यायचे नाही. माय गेली त्याच्या तेराव्या दिवशी मी पदर कानामागे घेतला.

आता गिरणी सुटली की मी इतवारीतून घरी जाते. लांबचा रस्ता आहे. दिवसाउजेडी, उजवी बाजू शेठच्या दाराकडे ठेवून. शेठाणी कधी ओसरीत असली तर आत निघून जाते. जाऊ दे. मी दारासमोर थांबत नाही, ओरडत नाही. पण जी बाई, जी पोर मला विचारते, हे कशानं झालं, तिला मी सगळं सांगते. कोणी ओढलं, कोणी शिवलं, कागदावर काय लिहिलं होतं. नावानिशी सांगते. आणि शेवटी सांगते की माझ्या मायनं याला हात लावला नव्हता.

हा कान आता मी कुणाकडून जुळवून घेणार नाही. फुकट नाही, दाम मोजून नाही. मी मेले की तोंडावर कापड घालायच्या आधी उजवा कान उघडा ठेवा, असं बाबांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी नुसती मान हलवली. पण ऐकलं आहे.