बेगडाचं बाशिंग

खळीचा वास आला की मला सोलापुरातल्या भवानी पेठेतली शेजारच्या अक्कांची खोली आठवते. त्या बाशिंगं करायच्या. माझं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं, आणि माझे दिवस भरत आलेले. करवली म्हणून जाणं शक्यच नव्हतं. मग अक्कांजवळ बसून मीच त्याचं बाशिंग केलं. बेगड चिकटवताना मात्र हात थांबला. चौथीत शाळा सुटलेली मी, पण बेगडी म्हणजे खोटं, एवढं ठाऊक होतं. "अक्का, बहिणीनं खोटं पाठवलं म्हणतील हो." अक्का हसल्या. "अगं, बेगड म्हंजे आमच्या कन्नडातलं बेगडे. कथिल कुटून कुटून पातळ केलेलं पान. मी सोनं हाय असं ते कवा म्हणालं? खोटं तर माणसं बोलत्यात. चिकटव की!" बाशिंग पार्सलनं गेलं. लग्नाच्या दिवशी मी भिंतीला टेकून एकटीच बसून राहिले. माहेरच्यांनी ते बाजूला ठेवलं असेल, हेच मनात. दोन वर्षांनी माहेरी गेले, तर ते आढ्याला बांधलेलं, धुरानं काळं पडलेलं, एका कोपऱ्यात अजून चकाकणारं. भाऊ म्हणाला, "आईनं बाजारातनं दुसरं आणलं होतं, ताई. मी हट्टानं हेच बांधलं." सोलापूरला परतले तेव्हा अक्का खोली सोडून लेकाकडे गेल्या होत्या. आजही खळ ढवळताना त्यांना सांगावंसं वाटतं, अक्का, त्यानं आपलंच बांधलं.