विहिरीतली वाकडी करंगळी

डोमाजी गवंडी म्हणजे वलगावच्या आसपास नावाजलेला हात. भिंत ओळंब्यात, कोपरा काटकोनात, गिलाव्यावरून तळहात फिरवला तर कुठं खडा लागायचा नाही. तोंड मात्र भारी फटकळ! 'म्या लावलेलं सिमेंट कोनाच्या बापाच्यानं निघनार नाई,' असं छाती फुगवून सांगायचे. सत्तरी गाठली, गुडघे गेले, पण फुशारकी काही गेली नाही. फक्त गावच्या पायविहिरीचा विषय निघाला की हाच माणूस मूग गिळून बसायचा.

विहीर शंभर वर्षांपूर्वीची. पायऱ्या सुरू होतात तिथंच दगडावर कोरलंय, नत्थुजी पाटलांनी बांधली. पाटलांनी बांधली म्हणे! पाटलांनी कधी एक टोपलं तरी उचललं असेल का? दगड वाहिले, चुना मळला तो डोमाजींच्या वाडवडलांनी. विहिरीत पाणी भरलं आणि त्यांनाच त्या पायऱ्या बंद झाल्या. बांधताना त्यांच्या हातांचा विटाळ कोणाला झाला नव्हता, तो पाणी आल्यावर झाला.

डोमाजींची आई इंदूबाई. तिला तिच्या सासूनं, म्हणजे डोमाजींच्या आजीनं, सांगून ठेवलं होतं, 'नवी नवरी होतो मी. चुना दळाच्या घानीवर कामाले. पानी भरू द्याच्या आदल्या दिवशी खालच्या पायरीपाशी ओल्या चुन्यात पंजा दाबून आलो. म्हटलं, उद्या आपल्याले शिवू देतीन का नाई कोन जाने, आपला हात तरी पान्यात राहीन.' घाणीच्या दगडाखाली सापडून आजीची करंगळी बाहेर वाकली होती, तीच ओळखीची खूण. पुढं काळ पालटला. इंदूबाई त्याच पायऱ्या उतरून पाणी भरू लागली. पण पंजा खोल पाण्याखाली, दिसणार कसा?

तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात विहीर आटली, आणि आतून सिमेंटचा गिलावा करायचं काम नेमकं डोमाजींकडे आलं. इंदूबाईचा जीव हरखला. 'पंजा दिसला तं मले ने रे बाप्पा! एकदा पाहू दे.'

'नेतो, नेतो,' म्हणत डोमाजी कामाला लागले.

जुना चुना आधी छिन्नीनं टोचून खडबडीत करावा लागतो, नाहीतर सिमेंट धरत नाही. टोचत टोचत ते खालच्या पायरीपाशी आले आणि छिन्नी थबकली. पंजा! मनगटाशी बांगड्यांच्या रेघा, करंगळी बाहेर वाकलेली. तिथं घाव घालायला हात उचलेना. वरून मुकादम ओरडत होता, 'डोमा, खड्डे भर लवकर, आज काम उरकलं पायजे!' जरा थांबा, माझ्या मायले घेऊन येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत काय सांगावं, की आमच्या आजीनं चोरून हात उमटवला? लोक हसतील, या लाजेनं जीभ रेटेना. डोमाजींनी न टोचताच सिमेंटचा मसाला थापला, थापीनं दाबला आणि सगळं गुळगुळीत करून टाकलं.

संध्याकाळी इंदूबाई दारातच उभी. 'दिसला का रे?'

आता कोणत्या तोंडानं सांगावं? 'माय, तिथं काईच नव्हतं,' डोमाजी म्हणाले.

इंदूबाई उंबऱ्यावर बसली. 'मंग बुढी खोटं बोलली म्हनाची,' एवढंच म्हणाली. पुढं सहा वर्षं जगली, पण सासूची ती गोष्ट तिनं पुन्हा कधी काढली नाही.

यंदा विहीर पुन्हा आटली. डोमाजींची नात दीपमाला अकोल्याला जठारपेठेत राहते, शाळेत इतिहास शिकवते. सुटीत आली ती वही घेऊन विहिरीच्या पायऱ्या मोजत बसली. सोबत डोमाजी होते.

'आबा, पाटलाचं नाव हाये. ज्यायनं बांधली त्यायची एक बी निशानी नाई इथं. काहून?'

हे बोल डोमाजींच्या वर्मी लागले. घरी जाऊन छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि गुडघे धरत धरत खालच्या पायरीपाशी उतरले.

'आबा! काय करून रायले तुमी?'

डोमाजींनी चार घाव घातले तशी सिमेंटची खपली सुटून हातात आली, पण मागचा जुना चुना भुगा होऊन पायाशी पडला. भिंतीवर नुसता उघडा दगड. गेला पंजा! डोमाजी हातातला तुकडा फेकणार, तोच दीपमालानं तो धरला आणि मागची बाजू ओढणीनं पुसली.

'आबा, हात हाये हा!'

पंजाच्या खड्ड्यात भरलेलं सिमेंट हाताच्याच आकारात घट्ट झालं होतं. पाच बोटं वर आलेली, मनगटाशी बांगड्या, करंगळी बाहेर वाकलेली. तेवढी एकच जागा त्यांनी टोचली नव्हती. तिथं सिमेंटनं चुन्याला धरलंच नव्हतं, म्हणून ते साबूत सुटलं.

'कोनाचा हाये, आबा?'

'माह्या आजीचा.' डोमाजींनी त्या बोटांवर आपली बोटं ठेवली. सत्तरीचा माणूस पोरीसमोर ढसाढसा रडू लागला.

'अन् माह्या मायले म्या सांगतलं, का तिथं काईच नव्हतं.'