पांढऱ्या गाडीवरचं अक्षर

जपानमधल्या कुरायोशी गावातल्या कित्येक आयांना आणि मग त्यांच्या मुलांनाही तोकिएबाईंनीच सुलेखनाचा ब्रश धरायला शिकवलं होतं. ‘वा’ हे अक्षर आलं की बाई त्याचं मूळ चिनी अक्षर काढून दाखवत. अर्थ सलोखा. शेकडो वर्षं भरभर लिहून ते झिजलं आणि त्याचं हे गोलसर わ झालं.

“शेवटचं वळण बाहेर पळू द्यायचं नाही हं,” त्या बजावत. “पळालं की दुसरंच अक्षर होतं. वळवून घरी आणा त्याला.”

नवरा गेल्यावर बुधवारचा हा वर्गच त्यांचा संसार होता. पण ओसाकाहून नोबुयाचा फोन आला, “आई, गाडी घेतलीय. आता तिथंच राहायला येतो. तुला एकटीला नाही ठेवणार,” आणि त्यांनी वर्ग बंद केला. मुलाला खोली नको? बैठी मेजं शेजारच्या हामुराबाईंच्या पडवीत गेली.

“लेक येतोय म्हणून पोरांना हाकललंत होय?” हामुराबाई हसल्या.

“हसा, हसा. तुम्हालाही फिरवून आणेल तो गाडीतून.”

शनिवारी दुपारी पांढरी गाडी दारात थांबली. तोकिएबाई सपाता अडकवून धावल्या. गाडीभोवती कौतुकानं फिरताना त्यांची नजर नंबरपाटीवर गेली. आकड्यांच्या डाव्या अंगाला わ. हे अक्षर भाड्याच्या गाड्यांना देतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“छान आहे रे. जुनी घेतलीस का?”

“नवीकोरी! ओसाकाहून चालवत आलो, कंबर मोडली.”

गाडीची बढाई असेल, राहणं तरी खरं असेल, असं स्वतःला समजावत बाईंनी मुळा घालून शिजवलेला मासा वाढला. दोन वाट्या भात खाऊन नोबुयानं कागदपत्रांचं पाकीट काढलं.

“तुझा पालिकेत नोंदवलेला शिक्का आण ना. सहीच्या जागी तीन ठिकाणी उठवायचाय.”

“कशाला?”

“घराला गिऱ्हाईक मिळालंय. तुझ्यासाठी छान वृद्धाश्रम बघितलाय. डॉक्टरसुद्धा तिथंच.”

“आणि तू?”

“येत जाईन की.”

“गाडी परत कधी द्यायचीय?”

नोबुयानं वाटी बाजूला सारली. “उद्या. सहाच्या आत.”

“तेव्हा पाकीटही घेऊन जा. शिक्का मिळणार नाही.”

रविवारी तो निघाला. दर वेळी बाई कोपऱ्यापर्यंत जाऊन हात हलवत. या वेळी उंबऱ्याशीच थांबल्या, पण वळण येईपर्यंत पाटीवरची नजर काही हटली नाही. मग त्या हामुराबाईंकडे गेल्या.

“मेजं परत हवीत.”

“मी कालच पाटी बघितली होती, बाई.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही धावत येत होतात. तोंडच उघडेना माझं.”

दोघींनी पहिल्या मेजाचं एकेक टोक धरलं. त्याच्यासाठी बांधलेला डबा तसाच ओट्यावर राहिला, हे तोकिएबाईंना तेव्हा आठवलं. वाटेत तो कुठं थांबून जेवला असेल का, हा विचार काही केल्या मनातून जाईना.